नकाशा दिसतो बरोबर, तरी परत का येतो? कॅडमधल्या लेयरचं आणि मदतीच्या साधनांचं गणित

नागपूरहून कामठीला निघालात की गड्डीगोदामला एक भन्नाट जागा लागते. खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वेचे रूळ, रुळांच्या वरून उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. एकाच जागी चार मजल्यांची वाहतूक. कामठी रोडवरचा साडेपाच किलोमीटरहून लांब असलेला हा डबलडेकर पूल २०२४ मध्ये गाड्यांसाठी खुला झाला.

आता ही जागा वरून सरळ खाली बघून कागदावर काढायची म्हटली तर? रस्त्याच्या रेघांवर रुळांच्या रेघा, त्यावर पुलाच्या, त्यावर मेट्रोच्या. शिवाय जमिनीखाली पाण्याची लाइन, गटार, विजेची केबल आहेच. सगळं एकाच कागदावर काढलं तर समोर येईल तो नुसता रेघांचा गुंता. तरीही इंजिनिअर लोक अशा जागांचे नकाशे काढतात, वाचतात आणि त्यावरून खांब कुठं उभा करायचा ते ठरवतात. हे जमतं कारण त्या फाइलमध्ये प्रत्येक गोष्ट आपापल्या लेयरवर असते. मेट्रोवाल्याला मेट्रो बघायची तर बाकीचं बंद. पाणीपुरवठावाल्याला फक्त पाइप हवेत तर तेवढेच चालू.

पण लेयर म्हणजे फक्त ‘दिसणं आणि लपवणं’ एवढंच असतं, तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. साध्या तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्या माणसाचा नकाशासुद्धा चुकीच्या लेयरमुळे अडकू शकतो. हे कसं होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

लेयर आला कुठून?

कॉम्प्युटर यायच्या आधीही लेयर होते, फक्त ते ट्रेसिंग पेपरचे होते. खालच्या कागदावर इमारतीच्या भिंती काढायच्या, त्यावर पारदर्शक कागद ठेवून वायरिंग काढायचं, दुसऱ्या कागदावर नळाचं काम. प्रत्येक कारागिराला त्याच्या कामाचा कागद द्यायचा.

कामठीच्या आसपास तर ही पद्धत आणखी खोलवर आहे, अगदी शब्दशः. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं ‘कामठी कोळसा क्षेत्र’ इथलंच. भूगर्भशास्त्रात गोंडवना खडकांमधल्या एका स्तराला ‘कामठी’ हे या गावाचंच नाव दिलेलं आहे. जमिनीखाली कोळशाचे थर एकावर एक असतात. वरच्या थरात कुठं पोकळी केली आहे हे माहीत नसताना खालचा थर खोदणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून खाणीत प्रत्येक थराचा नकाशा वेगळा ठेवतात आणि ते एकमेकांवर ठेवून बघतात. पोकळी आणि तिच्या खालचा कोळसा एकाच कागदावर मिसळले तर काय होईल, हे खाणवाल्यांना सांगावं लागत नाही.

घराच्या नकाशात जीव जाण्याइतकी भीती नसते, पण वेगळेपण दाखवायची गरज तिथंही असते. हाताने नकाशे काढायच्या काळात ते काम रंग करायचे. राष्ट्रीय इमारत संहितेत नकाशा रंगवण्याचा तक्ताच आहे: नवीन बांधकाम लाल भरलेलं, पाडायचं बांधकाम पिवळ्या रेघोट्यांनी, सांडपाण्याची लाइन लाल तुटक, पाण्याची लाइन बारीक काळी तुटक, प्लॉटची हद्द जाड काळी. नगरपालिकेतला माणूस नकाशा उघडला की रंगावरून ओळखायचा, काय नवं आणि काय जुनं.

ऑटोडेस्क कंपनीनं १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आणलं. त्यानंतर हळूहळू ड्रॉइंग बोर्डची जागा स्क्रीननं घेतली. ट्रेसिंग पेपर आणि रंगांचा तक्ता, दोन्ही मिळून लेयर झाले. कॅडमध्ये प्रत्येक लेयरला नाव असतं, रंग असतो, रेघेचा प्रकार असतो (सलग, तुटक, मध्यरेषा), रेघेची जाडी असते, आणि तो छापायचा की नाही हेही ठरवता येतं.

आता नकाशा मशीन वाचतं

खरा बदल इथं आहे. पूर्वी नकाशा माणूस वाचायचा. त्याला समजायचं की ही रेघ जरा वाकडी असली तरी भिंतच आहे. आता पहिलं वाचन बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर करतं.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ लागू केली. मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर राज्यभर बांधकामाचे नियम एकाच पुस्तकात आले. सोबत ऑनलाइन परवानगीची ‘बीपीएमएस’ ही यंत्रणा आली. त्याआधीपासूनच पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीचं ‘ऑटोडीसीआर’ हे सॉफ्टवेअर अनेक महापालिकांत वापरात होतं. अशा यंत्रणांत आर्किटेक्ट कॅडची फाइलच अपलोड करतो. सॉफ्टवेअर ती उघडतं, प्लॉटचं क्षेत्रफळ काढतं, बांधकामाचं क्षेत्रफळ काढतं, चारही बाजूंना सोडलेली जागा मोजतं, नियमाशी ताडून बघतं आणि अहवाल देतं.

पण सॉफ्टवेअरला कसं कळणार की अमुक चौकोन म्हणजे प्लॉट आणि तमुक चौकोन म्हणजे जिना? त्याला डोळे नाहीत. त्याला फक्त लेयरचं नाव कळतं. ठरवून दिलेल्या लेयरवर जो बंद आकार असेल तो प्लॉट. दुसऱ्या ठरलेल्या लेयरवर असेल ते बांधकाम. तुम्ही जिना भिंतीच्या लेयरवर काढला तर मशीनच्या लेखी जिना नाहीच. बाल्कनी चुकून खोलीच्या लेयरवर गेली तर ती खोली म्हणून मोजली जाणार आणि क्षेत्रफळ वाढणार. कागदावर छापून बघितलं तर दोन्ही नकाशे हुबेहूब सारखे दिसतील. फरक फक्त फाइलच्या आत असतो.

घरमालकाला मात्र एवढंच कळतं की ‘नकाशा परत आला’. तो परत दुरुस्त होतो, परत जातो, मधे दिवस जातात. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू असलेल्या माणसासाठी हे दिवस फुकटचे नसतात.

कामठीत यात अजून एक गुंता आहे. कामठी १८२१ मध्ये ब्रिटिशांनी वसवलेली छावणी. आजही गावाच्या एका भागाचा कारभार नगरपरिषदेकडे आहे आणि दुसऱ्या भागाचा कॅन्टोन्मेंटकडे, म्हणजे कटक मंडळाकडे. कॅन्टोन्मेंट चालतं ते २००६ च्या केंद्राच्या कायद्यावर आणि स्वतःच्या उपविधींवर. गावाबाहेरच्या ले-आउटला अजून वेगळं प्राधिकरण. त्यामुळे एकाच ड्राफ्ट्समनकडे एकाच आठवड्यात वेगवेगळ्या कार्यालयांची कामं येऊ शकतात. म्हणून पहिला प्रश्न असतो, ‘हा नकाशा कुणाकडे जाणार?’ त्यावर लेयरची यादी ठरते. एका कामाची फाइल ‘सेव्ह ॲज’ करून दुसऱ्या कामाला वापरायची सवय इथंच नडते, कारण जुन्या लेयरची नावंही सोबत येतात.

लेयर लावायचे कसे

समजा कामठीत ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे. नागपूरकडे प्लॉट असाच बोलला जातो, १५०० चौरस फूट. पण परवानगीचा नकाशा मीटरमध्ये. ३० फूट म्हणजे ९.१४४ मीटर आणि ५० फूट म्हणजे १५.२४ मीटर. क्षेत्रफळ साधारण १३९.३५ चौरस मीटर. घाईत कुणी ९ बाय १५ काढलं तर १३५ होतात आणि मालकाचे जवळजवळ ४७ चौरस फूट पहिल्याच रेघेत गायब. म्हणून फाइल उघडल्यावर सगळ्यात आधी युनिट तपासायचं, मग बाकीचं.

त्यानंतर येते मोजणीची ‘क’ प्रत. भूमी अभिलेख खात्याच्या या नकाशावर प्लॉटची अधिकृत हद्द असते. ती फाइलमध्ये आणून तिच्यासाठी वेगळा लेयर करायचा आणि तो लॉक करायचा. लॉक केलेल्या लेयरवरची रेघ दिसते, तिच्या कोपऱ्याला पकडून नवी रेघ काढता येते, पण ती चुकून हलत नाही किंवा पुसली जात नाही. मूळ हद्द जागेवरून सरकली तर पुढचं सगळंच सरकतं, म्हणून हा लॉक फार मोलाचा.

मग घराचे लेयर: भिंती, दारं-खिडक्या, जिना, कॉलम, पाणी, सांडपाणी, वीज, मोजमापं, अक्षरं. नावं अशी ठेवायची की सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसानं फाइल उघडली तरी कळावं. ‘लेयर १’, ‘लेयर २’, ‘नवीन’, ‘नवीन फायनल’ अशी नावं ठेवणारे ड्राफ्ट्समन प्रत्येक ऑफिसात सापडतात आणि त्यांच्या फाइली दुसरं कुणी हातात घेत नाही. लेयरची नावं कशी असावीत यासाठी आयएसओ १३५६७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे. लहान ऑफिसला ते पूर्ण पाळायची गरज नसते, पण त्यातली मूळ कल्पना उपयोगी आहे: नावाच्या सुरुवातीला कोणत्या शाखेचं काम (स्थापत्य, वीज, प्लंबिंग), मग कोणती वस्तू, मग नवी की जुनी.

रंग आणि जाडी नेहमी ‘बायलेयर’ ठेवायची, म्हणजे रेघेनं रंग लेयरकडून घ्यायचा. एकेका रेघेला हाताने लाल-हिरवं करत बसलं की काही दिवसांनी लेयर एक सांगतो आणि रंग दुसरंच. छपाईतही गंमत आहे. कॅडची जुनी पद्धत अशी की रंगावरून पेनाची जाडी ठरते, कारण पूर्वीच्या प्लॉटरमध्ये खरोखरची पेनं असायची. आजही अनेक ऑफिसं ‘मोनोक्रोम’ सेटिंगवर छापतात, म्हणजे स्क्रीनवरचा कुठलाही रंग कागदावर काळा. रोजच्या कामाला ते ठीक. पण पाडायचं बांधकाम पिवळ्या रेघोट्यांत दाखवायचं असेल आणि नकाशा मोनोक्रोममध्ये छापला, तर पिवळं काळं होतं आणि पाडायची भिंत आहे तशी राहणारी वाटते.

दोन लेयर ऑटोकॅड स्वतःच देतं. पहिला ‘०’ नंबरचा, तो पुसता येत नाही आणि त्याचं नावही बदलता येत नाही. नवखी मुलं सगळा नकाशा त्यावरच काढतात. त्याचा खरा उपयोग ब्लॉक बनवायला. ‘०’ वर काढून ब्लॉक केलेलं दार ज्या लेयरवर आणून ठेवाल त्या लेयरचे गुण घेतं. दुसरा ‘डेफपॉइंट्स’. मोजमाप टाकलं की तो आपोआप तयार होतो आणि तो छापला जात नाही. स्क्रीनवर दिसणारी भिंत कागदावर आलीच नाही, असा गोंधळ झाला तर आधी बघायचं की ती भिंत चुकून डेफपॉइंट्सवर तर नाही ना. बऱ्याचदा असते.

ऑफ, फ्रीज आणि लॉक

लेयरच्या यादीत बल्ब, सूर्य आणि कुलूप अशी तीन चिन्हं दिसतात. बल्ब विझवला की लेयर ‘ऑफ’. सूर्यावर क्लिक केलं की तो ‘फ्रीज’. दोन्हीत रेघा गायब होतात, म्हणून बरेच जण दोन्ही सारखेच समजतात.

ते सारखे नाहीत. फ्रीज केलेला लेयर ऑटोकॅड हिशेबातच धरत नाही, म्हणून मोठी फाइल हलकी चालते. ऑफ केलेला लेयर फक्त दिसत नाही, बाकी तो तिथंच असतो. आता समजा तुम्ही भिंतींचा लेयर ऑफ केला आणि स्क्रीनवर उरलेलं सगळं पुसायला कंट्रोल-ए दाबून डिलीट केलं. ऑफ लेयरवरच्या भिंतीही त्यात निवडल्या जातात आणि पुसल्या जातात. फ्रीज किंवा लॉक असत्या तर वाचल्या असत्या. दिसत नव्हत्या म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या दिवशी लेयर चालू केल्यावर भिंतीच नाहीत. आयटीआयमध्ये आरेखकाचा ट्रेड करणाऱ्या मुलांनी एवढी एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकली तरी पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

एका कागदावर दोन वेगळी चित्रं हवी असतील, डावीकडे नुसता प्लॅन आणि उजवीकडे त्याच प्लॅनवर ड्रेनेज, तर व्ह्यूपोर्टपुरताच लेयर फ्रीज करता येतो. प्लॅन एकदाच काढायचा, दाखवायचा हवा तितक्या वेळा. यासाठी प्लॅनची कॉपी करणारे पुढं पस्तावतात. एका कॉपीत खिडकी सरकते, दुसरीत ती जुन्याच जागी राहते.

टी-स्क्वेअर गेला, एफ ८ आला

आता मदतीच्या साधनांकडे. जुन्या ड्राफ्ट्समनच्या टेबलावर टी-स्क्वेअर किंवा मिनी-ड्राफ्टर, सेट-स्क्वेअर, आलेख कागद, डिव्हायडर असायचं. कॅडमध्ये हीच मंडळी कीबोर्डच्या वरच्या ओळीत जाऊन बसली आहेत. एफ ७ म्हणजे ग्रिड, आलेख कागदासारखी जाळी. एफ ९ म्हणजे स्नॅप, कर्सर ठरलेल्या अंतरावरच उडी मारतो. एफ ८ म्हणजे ऑर्थो, रेघ फक्त आडवी किंवा उभी जाते, अगदी टी-स्क्वेअरसारखी. एफ १० म्हणजे पोलर, तो १५, ३०, ४५ अशा ठरवलेल्या कोनांवर रेघ ओढून धरतो, म्हणजे सेट-स्क्वेअर. ऑर्थो आणि पोलर एका वेळी चालू राहत नाहीत, एक लावला की दुसरा बंद होतो. एफ ३ म्हणजे ऑब्जेक्ट स्नॅप. रेघेचं टोक, मध्य, वर्तुळाचं केंद्र, छेदनबिंदू हे तो नेमके पकडतो.

ही कल्पना ऑटोकॅडच्या आधीची आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यात स्क्रीनवर लाइट पेन टेकवला की तो जवळच्या बिंदूला किंवा रेघेला आपोआप चिकटायचा. माणसाचा हात थरथरतो, मशीननं तो सावरून घ्यावा, हे त्यामागचं कारण. आज एफ ३ दाबल्यावर जो छोटा हिरवा चौकोन उमटतो, तो त्याच्याच वंशातला.

यांचा संबंध लेयरशी काय? खूप जवळचा. लेयर मशीनला सांगतो की रेघ ‘काय आहे’. मदतीची साधनं खात्री करतात की रेघ ‘जिथं असायला हवी तिथंच’ आहे. दोन्हींपैकी एक चुकलं तरी मशीनचं उत्तर चुकतं.

वरच्याच प्लॉटवर बघा. केवळ उदाहरण म्हणून धरा की समोर ३ मीटर, मागे १.५ आणि एका बाजूला १.५ मीटर सोडायचं आहे. (प्रत्यक्षात किती सोडायचं ते रस्त्याची रुंदी, प्लॉट आणि प्राधिकरण यावर ठरतं.) मग घराला ७.६४४ बाय १०.७४ मीटर जागा उरते, म्हणजे जवळपास ८२.१ चौरस मीटर. आता बाजूची भिंत ऑर्थोशिवाय अंदाजाने ओढली आणि ती अर्ध्या अंशानं तिरकी झाली. अर्धा अंश डोळ्याला दिसतही नाही. पण १०.७४ मीटर लांबीत त्याचा फरक होतो ९.४ सेंटिमीटर. समोरच्या बाजूला १.५० मीटर असलेली मोकळी जागा मागच्या टोकाला १.४१ च्या आत जाते. मशीन सगळ्यात कमी अंतर मोजतं. निकाल: नापास.

काही जण इथं एक ‘जुगाड’ करतात. मोजमापावर डबल क्लिक करून हाताने १.५० लिहून टाकतात. कागदावर नकाशा बरोबर दिसतो. पण सॉफ्टवेअर लिहिलेला आकडा वाचत नाही, ते रेघांमधलं खरं अंतर मोजतं. आणि साइटवरच्या मिस्त्रीनं तो आकडा धरून पाया आखला, तर नकाशा आणि घर यांचा मेळ कधीच बसत नाही. मोजमाप हाताने बदलणं ही कॅडमधली सगळ्यात वाईट सवय म्हणायला हरकत नाही.

तिरक्या प्लॉटवर ऑर्थोचा उलटा त्रास

ऑर्थो चांगला म्हणून तो कायम चालू ठेवायचा का? नाही. जुन्या वस्तीतले प्लॉट क्वचितच काटकोनी असतात. एक बाजू ९.१४, समोरची ८.९०, कोपरा ८७ अंशांचा. असा प्लॉट ऑर्थो चालू ठेवून काढला तर कॅड त्याला जबरदस्तीनं काटकोनी करतं, आणि आपण शेजाऱ्याची जागा आपल्या नकाशात घेतो किंवा आपली त्याला देऊन बसतो. अशा वेळी चार बाजूंसोबत दोन्ही कर्ण मोजायचे, आणि वर्तुळं काढून जिथं ती छेदतात तिथं कोपरा धरायचा. छेदनबिंदू पकडायला ऑब्जेक्ट स्नॅप आहेच. हद्द अशी काढून झाली की यूसीएस फिरवून एका बाजूला समांतर करायचा. मग आत घर काढताना ऑर्थो परत कामाला येतो, तिरक्या प्लॉटच्या दिशेनं.

ऑब्जेक्ट स्नॅपचीही खोड आहे. सगळ्या खुणांना एकदम टिकमार्क केलं की कर्सर गोंधळतो. टोक पकडायला जावं तर ‘निअरेस्ट’ मधलाच कुठला तरी बिंदू पकडतं. टोक, मध्य, छेद, लंब एवढ्यावर रोजचं घरकाम भागतं. बाकीचं लागेल तेव्हा.

नदीकाठच्या गावात आणखी एक सापळा असतो. कामठी कन्हानच्या काठावर आहे. नदीजवळच्या प्लॉटला पूररेषा बघाव्या लागतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात बांधकामाला जवळपास बंदीच. निळी आणि लाल यांच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर. त्यामुळे अशा फाइलमध्ये दोन्ही पूररेषांचे वेगळे लेयर लागतात, आणि टोटल स्टेशननं घेतलेले जमिनीच्या उंचीचे बिंदूही येतात. त्या प्रत्येक बिंदूला स्वतःची उंची असते. ऑब्जेक्ट स्नॅप असा बिंदू पकडतो तेव्हा त्याची उंचीही उचलतो. तुम्हाला वाटतं रेघ सपाट आहे, पण तिचं एक टोक हवेत असतं. मग अंतर थोडं जास्त येतं, दोन रेघा जुळत नाहीत, आणि कारण सापडत नाही. ‘ओस्नॅपझेड’ ही सेटिंग १ केली की स्नॅप उंची सोडून देतो. पूररेषा सोडून उरलेलं सर्वेक्षण वेगळ्या लेयरवर फ्रीज करून ठेवलं तर प्रश्नच येत नाही.

न दिसणारी फट

परत आलेल्या नकाशांत ‘आकार बंद नाही’ ही तक्रार नेहमीची. प्लॉटची हद्द चार रेघांनी काढली, शेवटचं टोक पहिल्या टोकाला टेकल्यासारखं वाटलं, पण मधे २ मिलिमीटरची फट राहिली. १:१०० च्या छपाईत ती ०.०२ मिलिमीटर होते, कुठल्याही चष्म्याला न दिसणारी. मशीनला मात्र ती उघडी दिसते. उघड्या आकाराला क्षेत्रफळ नाही, क्षेत्रफळ नाही तर प्लॉट नाही.

यात ऑटोकॅड एक हूल देतं. उघड्या पॉलिलाइनवर ‘एरिया’ कमांड चालवली तरी आकडा येतो, कारण ते पहिलं आणि शेवटचं टोक मनातल्या मनात जोडून हिशेब करतं. ड्राफ्ट्समन म्हणतो, माझ्याकडे तर १३९.३५ येतंय! म्हणून आकड्यावर विसंबायचं नाही. प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लोज्ड’ समोर ‘येस’ आहे का ते बघायचं. नसेल तर तिथंच ‘येस’ करायचं, किंवा सुट्या रेघा ‘पीएडिट’नं जोडून घ्यायच्या. काढतानाच शेवटचं टोक माउसनं न टेकवता ‘सी’ टाइप करून बंद केलं तर हे दुखणं होतच नाही.

दुसरं दुखणं एकावर एक बसलेल्या रेघांचं. कॉपी-पेस्ट करताना एकच भिंत दोनदा पडते, दिसते एकच. बांधकामाचा आकार दोनदा पडला तर क्षेत्रफळ दुप्पट मोजलं जाऊ शकतं. ‘ओव्हरकिल’ कमांड अशा जोड्या साफ करते, आणि ‘पर्ज’ न वापरलेले लेयर व ब्लॉक काढून टाकते.

आणि मराठी अक्षरांचं काय? कॅडचे जुने एसएचएक्स फॉन्ट देवनागरी ओळखत नाहीत, मग ‘स्वयंपाकघर’ ऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. जुन्या ऑफिसांत श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये लिहिलेली नावं असतात, ती समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर भलत्याच इंग्रजी अक्षरांत उमटतात. युनिकोड असलेला ट्रूटाइप फॉन्ट वापरला की हे टळतं. मराठी आणि इंग्रजी नावांना दोन वेगळे लेयर दिले तर मालकाला मराठी प्रत आणि कार्यालयाला हवी ती प्रत एकाच फाइलमधून निघते.

शिकायचं असेल तर

ऑटोकॅडचं लायसन्स महाग आहे, पण हे सगळं समजून घ्यायला तेच लागतं असं नाही. लिबरकॅड हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात लेयर आहेत, लॉक आहे, ग्रिड आणि स्नॅप आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. सरावासाठी स्वतःच्याच घराची एक खोली टेपनं मोजा, दोन्ही कर्णांसकट. ती काढताना एकदा ऑर्थो चालू ठेवा, एकदा बंद. जुन्या घराची खोली असेल तर दोन आकृत्या एकमेकांवर बसणार नाहीत, आणि कोणती भिंत किती सेंटिमीटर तिरकी आहे ते पहिल्यांदाच कळेल.